कोझुमेलला जहाज थांबतं तेव्हा : स्नॉर्केलिंगचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून सुटणाऱ्या पश्चिम कॅरिबियन क्रूझवर कोझुमेलचा थांबा बहुतेक वेळा असतोच. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या मराठी घरांत ही क्रूझ आता चांगलीच रुळली आहे. भारतातून आईवडील आले, मुलांना सुट्टी लागली, की बुकिंग होतं. पण जाऊन आलेल्यांना कोझुमेलबद्दल विचारलं तर बहुतेक जण धक्क्यावरची दुकानं आणि बीचवरच्या खुर्च्यांबद्दल बोलतात. त्या बेटाचं खरं वैभव पाण्याखाली आहे. ते बघायला पट्टीचं पोहता यायला हवं असंही नाही. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, आयुष्यात कधी पोहलेल्या नाहीत, तरी त्या आमच्याइतकंच बघून आल्या. ते कसं जमलं, हे नीट लिहावं असं वाटलं.

आधी बेटाची थोडी कल्पना देते. कोझुमेल मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, युकातान द्वीपकल्पाच्या पूर्वेला आहे. लांबी साधारण 48 किलोमीटर, रुंदी 16. सान मिगेल हे एकच शहर, तेही पश्चिम किनाऱ्यावर, आणि क्रूझचे तिन्ही धक्के त्याच बाजूला. पुंता लांगोस्ता अगदी शहरात, तर इंटरनॅशनल पियर आणि पुएर्ता माया दक्षिणेला काही किलोमीटरवर. पूर्व किनारा उघड्या समुद्रावर आहे. लाटा मोठ्या, पाणी ओढणारं. तिकडे बघायला जावं, पाण्यात उतरू नये. पश्चिमेला मात्र बेटाचा आडोसा मिळतो आणि नैर्ऋत्य किनाऱ्यालगत प्रवाळांच्या रांगा पसरल्या आहेत. मेक्सिकोपासून बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरासपर्यंत सुमारे हजार किलोमीटर गेलेल्या मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचा हा भाग. 1996 पासून इथे राष्ट्रीय सागरी उद्यान आहे.

स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं, इथे दोन प्रकारे करता येतं : किनाऱ्यावरून उतरून, किंवा होडीने दक्षिणेला जाऊन. किनाऱ्यावरून उतरणं स्वस्त आणि सोयीचं. चांकानाबसारख्या ठिकाणी पायऱ्या, शॉवर, खायला-प्यायला सगळं आहे आणि मासेही भरपूर दिसतात. वेळ कमी असेल किंवा बरोबर अगदी लहान मूल असेल तर तेच करा. मात्र किनारा बऱ्याच ठिकाणी वाळूचा नाही, धारदार चुनखडकाचा आहे. पाण्यात चालणारे बूट नसतील तर तळपाय सोलून निघतात.

सहा-सात तास हातात असतील तर मी होडीच सुचवेन, आणि शक्यतो लहान होडी. मोठ्या कॅटामरानवर (जोड-सांगाड्याच्या रुंद होडीवर) पन्नास-साठ माणसं एकदम पाण्यात उतरतात, मग माशांपेक्षा एकमेकांच्या पायांतले रबरी पंखे, म्हणजे फिन्सच जास्त दिसतात. लहान होडीत दहा-बारा जण आणि एक-दोन गाईड. आमच्या होडीवर गाईडने प्रत्येकाला तोंडावर विचारलं, पोहता येतं का, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का. हे विचारत नाहीत त्या होडीवर ज्येष्ठांना घेऊन जाऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

होडीचा खरा फायदा प्रवाहाचा. कोझुमेलच्या पश्चिम किनाऱ्याला पाणी बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं. होडी तुम्हाला वरच्या अंगाला सोडते, प्रवाह तुम्हाला प्रवाळांवरून नेतो आणि होडी मागोमाग येऊन पुढे उचलून घेते. हात मारायचे नाहीत, पाय झाडायचे नाहीत, नुसतं पालथं तरंगायचं. किनाऱ्यावरून उतरलेल्या माणसाला परत येताना याच प्रवाहाशी झगडावं लागतं. न पोहणाऱ्याला होडी सोपी जाते ती याच कारणाने.

सासूबाईंची तयारी आम्ही घरूनच केली होती. आमच्या अपार्टमेंटच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी मास्क लावून तोंड पाण्यात घालायचा सराव केला. पहिले काही दिवस त्या नाकानेच श्वास घ्यायला बघायच्या आणि दचकून वर यायच्या. "आई, नाक आहे हेच विसरा. तोंडाने सावकाश घ्या, सावकाश सोडा," एवढंच मी सांगत राहिले. एकदा तो ताल बसला की बाकी लाइफ जॅकेट बघून घेतं. जहाजावरच्या तलावात बऱ्याचदा मास्क-नळी वापरू देत नाहीत, म्हणून हा सराव निघण्याआधीच उरका. पहिल्यांदा तोंड पाण्यात घालण्याची जागा खोल समुद्र नव्हे. आणि साठीपुढच्या कुणालाही नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. नळीतून श्वास घेताना छातीला थोडे जास्त कष्ट पडतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते अंगावर येऊ शकतं.

मास्कबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दिवस चांगला जातो की वाया जातो ते त्यावरच ठरतं. भाड्याच्या मास्कवर विसंबू नका. होडीवरच्या पेटीतले मास्क बहुतेक वेळा जुने असतात, रबर कडक झालेलं असतं. प्रत्येकाने आपापला मास्क घ्यावा आणि दुकानातच तपासावा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. केस कडेखाली अडकले की पाणी आत येतंच. मिशा असतील तर नाकाखालची अगदी वरची बारीक पट्टी कातरून टाकावी. माझ्या नवऱ्याने तेच केलं, मास्क कोरडा राहिला. नव्या मास्कच्या काचेवर आतून एक पातळ थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढल्याशिवाय धुकं जात नाही. पुढे प्रत्येक वेळी उतरण्याआधी बेबी शॅम्पूचा एक थेंब आतून चोळून खळखळून घ्या. चष्मा असेल तर लांबच्या नंबरच्या तयार काचांचे मास्क मिळतात. नंबर अगदी कमी असेल तर साधाही चालतो, कारण पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. सगळा चेहरा झाकणारे मास्क मी कुणालाच सुचवणार नाही. आत पाणी शिरलं किंवा दम लागला तर ते झटकन निघत नाहीत.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडच्या बायका पुष्कळ संकोचतात. इथे तो प्रश्नच नाही. उद्यानात सनस्क्रीन लावून पाण्यात उतरायला मनाई आहे, त्यातली रसायनं प्रवाळांना मारक ठरतात. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याच्या कापडाचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) आणि घोट्यापर्यंतची लेगिंग हाच इथला योग्य पोशाख. सासूबाईंनी तोच घातला, वर डोक्याला घट्ट टोपी. सुती सलवार-कमीज किंवा टीशर्ट मात्र नको. भिजून जड होतात आणि वर आल्यावर थंडी वाजते. पाठ आणि गुडघ्यामागची बाजू उघडी ठेवणाऱ्यांना संध्याकाळी पाठीवर झोपता येत नाही, हे आमच्या होडीतल्या काही जणांनी अनुभवलं.

आम्ही पालांकार आणि कोलंबिया या दोन प्रवाळरांगा आणि शेवटी एल सिएलो असे तीन टप्पे केले. लहान होड्यांचा हा ठरलेला क्रम आहे. पालांकारला उतरताच पहिल्यांदा जाणवतं ते पाणी. दृष्टी सहज पंचवीस-तीस मीटर जाते. मालवणला सिंधुदुर्गाजवळ ज्यांनी स्नॉर्केलिंग केलंय त्यांना प्रवाळ आणि मासे नवे नाहीत, पण एवढ्या लांबपर्यंत तळ दिसण्याची सवय डोळ्यांना नसते. खाली जमीन खूप खोल दिसते आणि क्षणभर पडण्याची भीती वाटते. सासूबाईंनी माझा हात घट्ट आवळला. गाईडने त्यांच्या पुढ्यात गोल तरंगणारी रिंग दिली, दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि "देस्पासिओ, सेन्योरा," म्हणजे सावकाश, म्हणत हळूहळू पुढे निघाला. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात आपणहून सोडला.

कोलंबियाचा उथळ भाग तिन्हींत सरस. तिथे प्रवाळ पृष्ठभागाजवळ येतात, त्यामुळे वरून तरंगणाऱ्यालाही बारकावे दिसतात. जांभळे समुद्रपंखे सगळे एकाच दिशेला कललेले, त्यावरून प्रवाह कुठे चाललाय ते कळतं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर नावाचे मासे चेहऱ्याजवळ येऊन जातात. निळे टँग मासे कळपाने उतरतात, एखाद्या प्रवाळावरचं शेवाळ चरून साफ करतात आणि पुढे सरकतात. एका कपारीपाशी मी थोडा वेळ स्थिर राहिले तेव्हा करकर असा आवाज येऊ लागला. निळसर-हिरवा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी दगड खरवडत होता. प्रत्येक घासाला पांढरा ओरखडा उमटे, आणि थोडं पुढे जाऊन तो मागून बारीक वाळूची रेघ सोडे. त्याच्या पोटातून दळून निघालेला तो प्रवाळच. कॅरिबियनच्या पांढऱ्या किनाऱ्यांवरची बरीचशी वाळू अशीच तयार होते. लेकीला एक हॉक्सबिल कासव दिसलं. ते शांतपणे स्पंज खात होतं आणि आम्ही वरून गेलो तरी त्याने मान वर केली नाही. कासवाच्या वर अगदी जवळ तरंगू नका, त्याला श्वासासाठी वर यायला वाट लागते.

सगळंच सुंदर आहे असं मात्र नाही. 2018 मध्ये मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर कठीण प्रवाळांची ऊती नष्ट करणारा रोग पोचला. मेंदूच्या आकाराचे, शेकडो वर्षं वाढलेले प्रवाळ काही आठवड्यांत मरतात असा तो रोग. 2019 च्या ऑक्टोबरात पालांकार, कोलंबिया आणि एल सिएलो काही काळ पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले होते. पाण्यात बघताना ते दिसतं. मधूनच एखादा मोठा गोल खडक, आकार तोच, पण रंग गेलेला आणि वर शेवाळ. म्हणून हात लावू नका, टेकू नका, फिन्स उभे करून पाय झाडू नका. दमलात तर प्रवाळावर उभं राहायचं नाही, पाठीवर उताणं व्हायचं. माशांना पाव घालणारी होडी असेल तर तिला नकार द्या.

एल सिएलो म्हणजे कमरेइतक्या पाण्यातला पांढरा वाळूचा पट्टा. तळाशी मोठे केशरी तारामासे. इथे सासूबाई लाइफ जॅकेट घालून स्वतः चालल्या आणि जिथे वाटेल तिथे वाकून मास्कमधून बघत राहिल्या. एक पाकट (स्टिंग रे मासा) वाळूत अंग पुरून बसलं होतं, नुसते डोळे वर. वाळूत चालताना पाय उचलून टाकू नयेत, घासत सरकवावेत, म्हणजे पाकट आधीच उठून जातं.  फोटोसाठी तारामासे पाण्याबाहेर काढणारे लोक आम्ही पाहिले. कृपा करून तसं करू नका, हवेत त्यांचा जीव जातो.

आता वेळेचं, कारण जहाज सहसा कुणासाठी थांबत नाही. किंताना रो राज्याने 2015 मध्ये आपली वेळ बदलली आणि तिथे उन्हाळ्यातही घड्याळ पुढे करत नाहीत. परिणामी टेक्सासहून आलेलं जहाज स्वतःच्या वेळेवर चालत असेल तर हिवाळ्यात बेटाचं घड्याळ तासाने पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्ही सारखी. फ्लोरिडाहून येणाऱ्यांचं उलट. उन्हाळ्यात त्यांच्या जहाजाची वेळ बेटाच्या पुढे असू शकते, आणि बेटावरच्या घड्याळाने निवांत बसलेली माणसं धक्क्यावर पोचेपर्यंत दोर सुटलेले असतात. फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा, जहाजाची वेळ लावलेलं मनगटी घड्याळ वापरा, आणि होडीवाल्याला 'जहाजाच्या घड्याळाने अमुक वाजता परत' असं सांगा. बाहेरून बुकिंग केलं असेल तर शेवटच्या वेळेआधी किमान दीड तास धक्क्यावर पोचायचा हिशेब ठेवा. जहाजामार्फत घेतलेली सहल महाग पडते, पण उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं. ज्येष्ठ बरोबर असतील तर ते जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी उत्तरेच्या वाऱ्यांची चौकशी करावी. 'नोर्ते' सुटला की बंदर अधिकारी लहान होड्यांना मनाई करतात आणि कधी जहाजच धक्क्याला लागत नाही. पैसे परत मिळतील का, हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. ज्यांना होडी लागते त्यांनी मळमळीवरची गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. दक्षिणेचा प्रवास अर्धा-पाऊण तासाचा असतो आणि परतताना लाटा समोरून येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात : भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पाहुण्या आईवडिलांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. एच-1बीचा शिक्का संपलेला असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलांना आणि क्रूझ कंपनीला विचारा.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारींना ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी), चीज केसादिया (चीज भरून भाजलेली पोळी), फळं सगळीकडे मिळतात. घेवड्याच्या उसळीसारखी दिसणारी वाटलेली काळी बीन्स मात्र पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. 'सिन मान्तेका' म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ असू द्या. टॅक्सीचे दर ठरलेले असतात आणि धक्क्यावर फलक असतो. तरी बसण्याआधी रक्कम आणि ती गाडीची की माणशी, हे विचारून घ्या. डॉलर चालतात, सुट्या नोटा जवळ ठेवा. उद्यानाची फी होडीच्या पैशांत धरली आहे का तेही विचारा, आणि ज्या गाईडने तुमच्या माणसाला पाण्यात सांभाळलं त्याच्या हातात निघताना बक्षिसी ठेवा.