पाय म्हणजे कुठून कुठवर

सकाळी साडेसातला फोन आला तेव्हा मी ठाण्यात घरी डबा भरत होते. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमधून, परदेशी रुग्णांचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन होता. "ताई, उझबेकिस्तानचे पेशंट सहीच करत नाहीयेत. रात्रीपर्यंत तयार होते. आज कागद वाचला आणि बॅगच भरायला घेतली. नऊला ऑपरेशन होतं, डॉक्टरांनी अकरावर ढकललंय."

मी गेली अनेक वर्षं रशियनची दुभाषी आहे. सोव्हिएत काळात शाळा शिकलेली मध्य आशियातली ज्येष्ठ माणसं रशियन वाचतात, बोलतात, त्यामुळे हॉस्पिटलांत मला बोलावणं येतं. मी तिला म्हटलं, "कागदाचा फोटो पाठव, मी निघाले." ठाण्याहून नेरूळ लोकलमध्ये बसले. ऐरोली येईपर्यंत फोटो आला होता.

संमतिपत्र दोन भाषांत होतं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रशियन. पेशंटना मधुमेह, उजव्या पायाच्या अंगठ्याला गँगरीन. इंग्रजीत लिहिलं होतं की अंगठा काढायचा आणि गरज पडली तर 'फूट'चा, म्हणजे पावलाचा, काही भाग काढायचा. रशियन बाजूला होतं 'चस्तीच्नाया अम्पुतात्सिया नगी'. हे भाषांतर कुणीतरी पूर्वी करून ठेवलेलं, तेच छापून वापरात होतं. शब्दकोश उघडलात तर 'फूट'समोर 'नगा' हा शब्द सापडेलच. व्याकरणही बिनचूक होतं, 'नगा'ची षष्ठी 'नगी' हीच होते. तरीही त्या ओळीचा अर्थ होत होता, 'पाय अंशतः कापणे'. अंशतः म्हणजे किती? नगा हा कंबरेखालून बोटांच्या टोकापर्यंतचा अख्खा पाय. त्याचा 'काही भाग' घोट्यापाशी संपेल, गुडघ्यापाशी संपेल, मांडीतही संपेल. रात्री अंगठ्याचं ऐकून झोपलेल्या माणसाने सकाळी हे वाचलं होतं.

ही चूक मला दिसली ती मी मराठी आहे म्हणून, असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात 'फूट' आणि 'लेग' या मुळातच दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडे मात्र पाय तो पायच. डॉक्टरकडे जाऊन "पाय दुखतोय" म्हटलं की ते विचारतात, "कुठे? दाखवा." रशियनचंही तेच. हात म्हणजे 'रुका', खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. बोट म्हणजे 'पालेत्स', हाताचं असो वा पायाचं. आपला अंगठा दोन्हीकडे अंगठाच, तसा त्यांचा 'बल्शोय पालेत्स', शब्दशः 'मोठं बोट', दोन्हीकडे चालतो. करंगळीला ते 'मिझीनेत्स' म्हणतात, तीही हाताची आणि पायाची एकच. पेडर रोडच्या रशियन केंद्रात मी हे शब्द पहिल्यांदा शिकले तेव्हा मला ते पाठ करावेच लागले नव्हते. मराठीच्या खुंटीला ते आपोआप अडकले.

वॉर्डात शिरले तर सिस्टर दारातच म्हणाली, "पाय कापायचाय ना त्यांचा, म्हणून घाबरलेत." मी तिला म्हटलं, "सिस्टर, पाय नाही. अंगठा." ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिला ते माहीत होतंच. फक्त तिच्या तोंडातून आलेला शब्द 'पाय' होता, कागदावर छापलेल्या शब्दासारखाच मोठा.

आजोबा पलंगावर ताठ बसले होते. पत्नी खाली वाकून कपडे बॅगेत कोंबत होती. मी नमस्कार केला, रशियनमध्ये नाव सांगितलं. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि शांतपणे म्हणाले, "नोगू न्ये दाम." पाय देणार नाही.

एवढ्यात सर्जन आले. मराठीच होते. मी म्हटलं, "डॉक्टर, इथे 'फूट' लिहिलंय ते नेमकं कुठून कुठवर, ते मला त्यांच्यासमोर दाखवाल का?" ते क्षणभर थांबले. मग पेशंटच्या डाव्या, चांगल्या पायावरून बोट फिरवत त्यांनी बोटांच्या मुळापासून पावलाच्या मध्यापर्यंत रेघ ओढल्यासारखं केलं. "फार तर इथवर. घोट्याच्या वर आज काही नाही."

"आज?"

"इन्फेक्शन वर चढलं तर परत बोलू, परत सही घेऊ."

तो 'आज' मी वगळला नाही. धीर द्यायचा म्हणून असा शब्द गाळला, तर नंतर दुभाष्यावर कोण विश्वास ठेवेल?

रशियनमध्ये पावलाला डॉक्टरी शब्द आहे 'स्तपा'. लिहिताना तो 'स्तोपा', पण जोर शेवटच्या अक्षरावर असल्यामुळे आधीच्या ओ चा उच्चार आ होतो. मी म्हटलं, काढला तर स्तपाचा भाग काढतील, नगाचा नाही. आजोबांच्या कपाळावर आठी पडली. तो दवाखान्यातला शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला नव्हता. मग मी घरगुती शब्द वापरला, 'स्तुप्न्या'. त्यांनी लगेच स्वतःचं पाऊल धरलं. "स्तुप्न्या?" हो. त्यांचा हात घोट्याकडे सरकला, तिथे थांबला. "न्ये वीशे श्शीकलत्की?" घोट्याच्या वर नाही ना? मी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. "आज नाही," मी म्हटलं, "आणि पुढे काही लागलं तर आधी तुम्हाला विचारतील."

पत्नीने बॅगेची चेन अर्ध्यावरच सोडली.

मी नवीन ओळ लिहिली, 'स्तपा' आणि कंसात 'स्तुप्न्या', आणि पुढे घोट्याची मर्यादा. जुनी ओळ फक्त घाबरवणारी होती असं नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीबद्दल एक निकाल दिलाय. ज्या शस्त्रक्रियेला रुग्णाने होकार दिला, त्याच्या पलीकडचं काही, जीव किंवा तब्येत वाचवायची तातडी नसताना, करता येत नाही, असं त्यात आहे. म्हणजे संमतिपत्रातलं ते नाम हीच सर्जनची हद्द. जुन्या ओळीवर सही झाली असती, तर पाय गुडघ्यावरून काढायलाही कागदावर होकार मिळाल्यासारखं झालं असतं. हॉस्पिटलला ते नको होतं, पेशंटला तर नकोच होतं, आणि तरी दोघांच्या मध्ये तोच शब्द छापलेला होता.

आजोबांनी सही केली. सहीच्या वर त्यांनी आपल्या हाताने, जुन्या शाळेच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'घोट्यापर्यंत'. मला म्हणाले, "किझिम", म्हणजे उझबेकमध्ये 'माझ्या मुली', "हे राहू देतील ना?" डॉक्टर म्हणाले, "राहू दे."

सव्वा वाजता ते बाहेर आले. अंगठा आणि त्याच्या मागच्या हाडाचं टोक, एवढंच गेलं होतं.

मी मात्र लगेच निघाले नाही. त्या मुलीला म्हटलं, तुमच्याकडे रशियनचे जितके फॉर्म आहेत तितके काढ. संध्याकाळपर्यंत बसून हातापायाचे सगळे बघितले. जिथे 'हँड' होतं तिथे 'रुका' काढून 'कीस्त' घातलं, म्हणजे मनगटापासून पुढचा पंजा. 'लेग'ने जास्त वेळ घेतला. सर्जनच्या काटेकोर इंग्रजीत तो गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग, आणि त्याला रशियनमध्ये 'गोलेन' हा वेगळा शब्द आहे. पण प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याने तो त्याच काटेकोर अर्थाने वापरलाय का, हे आजूबाजूच्या ओळी वाचूनच ठरवावं लागलं.

शेवटचा फॉर्म खांद्याचा. तिथे 'प्लेचो' छापलेलं होतं. रोजच्या रशियनमध्ये प्लेचो म्हणजे खांदा, पण त्यांच्या शरीरशास्त्रात प्लेचो म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड. त्या ओळीवर मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं, फॉर्म वेगळा ठेवला आणि हाडांच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागून घेतली.