गंजाचा रंग

पावसाळा ओसरता ओसरता, चवथीच्या आसपास, गोव्यात पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर फिरण्यात खरी मजा. शहाणी माणसं सूर्यास्त बघतात, मी मान खाली घालून चालतो. चार महिने खवळलेल्या समुद्राने काय काय ओकून टाकलेलं असतं: नायलॉनच्या दोरांचे गुंते, जाळ्यांचे बोये, कुठल्याशा बोटीची किड्यांनी पोखरलेली फळी आणि नशीब असलं तर लोखंड.

यंदा एक जाडजूड कडी मिळाली, नांगराच्या साखळीला लावतात तसली. एका अंगाने गंजाचे पापुद्रे सुटलेले, गोव्याच्या बेबिंका केकसारखे थरावर थर. गंजाने वाळू धरून ठेवलेली, त्या वाळूत नखाएवढा एक शिंपला पक्का बसलेला. लेथवर कुणीतरी केसाचाही फरक न ठेवता तिच्या बोल्टवर आटे पाडले असतील. आता बोल्ट कुठे संपतो आणि कडी कुठे सुरू होते, हे बोट फिरवूनही कळत नाही. आणि रंग! वरून नारिंगी, खाली तांबूस, पापुद्रा उचकटला की जवळजवळ काळा.

घरी आणून ती पायरीवर ठेवली, तर पायरीच्या जांभ्याच्या चिऱ्यात रंग मिसळूनच गेला. मिसळणारच. दोन्हीकडे लोहाची ऑक्साइडंच. आमच्या डोंगरांतलं लाल खनिज वर्षानुवर्षं बार्जेसमधून मांडवी-झुआरी नद्यांतून मुरगाव बंदरात उतरायचं, तिथून आधी जपानला, पुढच्या काळात चीनला. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली परत थांबल्या. तिकडच्या भट्ट्यांत एवढा कोळसा जाळून खनिजातला जो प्राणवायू काढतात, तो समुद्र लोखंडात फुकटात परत भरतो. ही कडी गोव्याच्याच खनिजाची, असं मी म्हणत नाही. पण लोखंडाची माती होताना ती आमच्या मातीच्या रंगाची होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी हे कौतुक हातात मावणाऱ्या लोखंडापुरतंच. ६ जून २००० रोजी कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्याजवळ ‘रिव्हर प्रिन्सेस’ ही मोठी बोट रुतली आणि जवळजवळ बारा वर्षं तिथेच सडत राहिली. पर्यटक मावळतीला तिचे झकास फोटो काढायचे. (मीही काढले असतील.) पण जिच्यामुळे किनारा खचतोय अशी गावाची ओरड होती, तिच्या गंजाच्या छटा त्या लोकांनी कुठे न्याहाळायच्या?

प्लास्टिकला तर हे भाग्यही नाही. बोया उन्हाने फिकटतो, तडकतो, त्याचे बारीक तुकडे होतात, बस्स. म्हातारपण त्याला शोभत नाही. आणि समुद्रात सांडलेल्या तेलाच्या डांबरासारख्या गोळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पावसाआधी किनाऱ्यावर येतात, तळपायाला चिकटतात आणि खोबरेल तेल चोळल्याशिवाय सुटत नाहीत.

कडी मात्र आमच्या घरी टिकली नाही. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जाणारा शेजारी आला, उचलून वजन पाहिलं आणि म्हणाला, “ही मला द्या, होडी बांधायला बरी.” मी शिंपला दाखवला, पापुद्रे दाखवले. त्याने शांतपणे ती पायरीवर दोनदा आपटली, पापुद्रे झाडले आणि आतलं लोखंड अजून शाबूत आहे म्हणून खूश होऊन घेऊन गेला.