व्हिसा माफ झाला आणि सगळ्यांना सामुईच हवं होतं

ठाण्यात एका छोट्या टूर ऑफिसमध्ये मी फॉरेन डेस्कला आहे. दिवाळीच्या आधीचे दिवस आमच्याकडे तसे बरे असतात, कारण दिवाळीत बाहेर जाणाऱ्यांची बुकिंगं जुलै-ऑगस्टमध्येच उरकलेली असतात आणि बाकीचे शेवटच्या क्षणी गणपतीपुळे नाहीतर महाबळेश्वर करतात. ३१ ऑक्टोबर २०२३ ला मंगळवारी जेवणाचा डबा उघडला आणि एजंट लोकांच्या ग्रुपवर बातमी येऊन पडली, थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला, १० नोव्हेंबरपासून, ३० दिवस राहता येणार. तोपर्यंत कसं होतं की बँकॉकला उतरून व्हिसा ऑन अरायव्हलच्या रांगेत उभं राहायचं, माणशी २००० बाथ मोजायचे आणि १५ दिवस मिळायचे. डबा तसाच राहिला. फोन सुरू झाले ते रात्री शटर ओढेपर्यंत.

गंमत म्हणजे निम्म्या लोकांना सामुईच हवं होतं. बँकॉक-पटाया झालेलं असतं, फुकेतला म्हणे सगळेच जातात, मग उरतं काय, तर कोह सामुई हे बेट, आणि त्यात सामुईच्या रील्स बघितल्या की कोणालाही जावंसं वाटेल, निळं पाणी, वाकलेला माड, माडाला झोपाळा. फक्त त्या रील्स फेब्रुवारी-मार्चच्या असतात हे कोणी सांगत नाही.

साडेतीनला कल्याणचे एक काका थेट ऑफिसात आले, अख्खी फॅमिली घेऊन. काका-काकू, काकांची आई म्हणजे आजी, दोन मुलगे, दोन सुना, एक नात आणि एक नातू. खुर्च्या कमी पडल्या, धाकटा मुलगा कुरिअरच्या खोक्यावर बसला. भाऊबीज झाली की १५ च्या रात्री निघायचं, आठवडाभर सामुईला राहायचं, असं घरून ठरवूनच आलेले. धाकट्याने मोबाइल पुढे केला, चावेंग बीचजवळचा पूल व्हिला, साठ टक्के ऑफ, "मॅडम तुम्ही फक्त तिकिटं काढा, हॉटेल आमचं फायनल आहे."

मी म्हटलं जरा थांबा, आणि त्याच हॉटेलचा जानेवारीचा रेट काढून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दुपटीहून जास्त. मग नोव्हेंबरच्या ऑफरखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते दाखवलं, नॉन-रिफंडेबल. हॉटेलवाला वेडा नाहीये, ऐन सुट्टीत एवढा रेट पाडलाय म्हणजे त्याला माहितीये की तिथे तेव्हा कोणी फिरकत नाही.

काका म्हणाले, "अहो, पण थायलंडचा सीझन नोव्हेंबरला सुरू होतो ना? सगळीकडे तेच लिहिलंय." लिहिलंय ते बरोबरच आहे, पण अर्ध्या थायलंडपुरतं. मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. खाली दक्षिणेला जो चिंचोळा पट्टा उतरतो त्याच्या डाव्या अंगाला अंदमान समुद्र, तिथे फुकेत, क्राबी, फी फी, लांटा. उजव्या अंगाला थायलंडचं आखात, तिथे सामुई, फांगान, ताओ. डावीकडे आपल्यासारखाच नैऋत्य मान्सून, मे ते ऑक्टोबर. उजवीकडे खरा पाऊस ईशान्येचा, चेन्नईला पडतो तोच, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट. समुद्र खवळला की बोटींच्या फेऱ्या रद्द, बीचवर लाल झेंडे, आणि सामुईला गेलेला माणूस जे आंग थाँगचं मरीन पार्क बघायला धडपडतो तेही साधारण नोव्हेंबरमध्ये बंदच ठेवतात. मग नऊ जणांनी व्हिलात बसून करायचं काय, पत्ते खेळायचे?

काकांना पटेना. त्यांच्या ऑफिसातले कोणी तरी जाऊन आले होते आणि त्यांना एक थेंब लागला नव्हता. कधी गेले होते विचारलं तर मार्चमध्ये. तेवढ्यात आमचे सर केबिनमधून खुणा करायला लागले की क्लायंट मागतोय ते देऊन टाक ना. त्यांचंही चूक नाही, बाहेर दोन पार्ट्या थांबलेल्या आणि भाडी डोळ्यांदेखत चढत होती. पण सामुईचं तिकीट विकणं सोपं आहे, नोव्हेंबरच्या १८ तारखेला तिथून येणारे फोन मलाच घ्यायचे असतात.

वाद सुटला तो आजींमुळे. त्या गुहागरच्या, एवढा वेळ गप्प होत्या, मला म्हणाल्या, "मला एवढंच सांग गं, पाण्यात उतरून होडीत चढायचंय का? गुडघ्याने जमायचं नाही मला." हा प्रश्न अख्ख्या फॅमिलीत कोणाच्या डोक्यात आला नव्हता आणि तिथल्या बेटांवर जाताना तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोठ्या सुनेला क्राबीजवळचं रेले हवं होतं, पण रेलेला रस्ताच नाही, कडे आडवे येतात. आओ नांगवरून लाँगटेल बोटीने जायचं, पश्चिमेच्या बीचवर मांडीएवढ्या पाण्यात उतरायचं, ते पण लाटेत हलणाऱ्या शिडीवरून. फी फीला धक्का आहे, पण पुढे माया बेला गेलं तर तिथे पोहता येत नाही. २०१८ मध्ये प्रवाळ वाचवायला तो बीच बंद केला, २०२२ च्या जानेवारीत उघडला, आता जेमतेम गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढायचे.

मग मी कोह लांटा काढलं. आपल्याकडे फार कोणी मागत नाही, मला मात्र तीन पिढ्या एकत्र असल्या की हेच सुचतं. क्राबी एअरपोर्टवरून व्हॅन करायची, हुआ हिन नावाच्या धक्क्यावर यायचं, हे बँकॉकजवळचं हुआ हिन नव्हे, लोक तिथेच फसतात, आणि आपण आत बसलेले असतानाच व्हॅन फेरीबोटीवर चढते. पलीकडे लांटा नोई, म्हणजे धाकटं लांटा, तिथून पूल ओलांडला की थोरलं. "म्हणजे आमच्या दाभोळ-धोपाव्यासारखं," आजी म्हणाल्या. अगदी तसंच. पाय ओला होत नाही. क्लाँग दाओचा बीच उथळ, लांबच लांब, पोरांना आत सोडून आपण काठावर बसावं असा. मुलग्यांना काही तरी थरारक हवंच होतं तर त्यांच्यासाठी कोह मूकची मरकत गुहा, ८० मीटर अंधाऱ्या बोगद्यातून लाइफ जॅकेट घालून पोहत जायचं आणि पलीकडे चारी बाजूंनी कड्यांनी वेढलेला छोटासा बीच, भरती-ओहोटीची वेळ बघूनच नेतात.

आजी नि काकू पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण चालतो पण मासळी नको. थाई जेवणात नेमकं हेच अवघड, साधं पपईचं सॅलड घेतलं तरी त्यात नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस आणि वर सुकटीचा भुरका. त्यांना फोनवर पिवळ्या झेंड्यावरच्या लाल अक्षराचा फोटो काढून ठेवायला लावला. ते चिन्ह दिसलं की 'जे' जेवण, त्यात मांस-मासे तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बाकी चिकट भात आणि आंबा कुठेही मिळतो, त्यावर दोन दिवस निघतात.

मग तिकिटं. नऊ सीट एकत्र शोधल्या की सिस्टिम नऊच्या नऊ जणांना वरच्या भाड्यात टाकते, कारण स्वस्तातल्या सीट समजा पाचच उरल्या असतील तर ती पाच स्वस्त नि चार महाग असं करत नाही. म्हणून पाच आणि चार असं तोडून काढलं, बऱ्यापैकी वाचले. एकाने मध्येच दुसऱ्या साइटवर क्राबीचं आणखी स्वस्त तिकीट दाखवलं, ते डॉन म्युआंगवरून होतं. मुंबईचं विमान उतरणार सुवर्णभूमीला. बँकॉकच्या ट्रॅफिकमधून आजींना आणि बॅगा घेऊन एका एअरपोर्टवरून दुसऱ्यावर जायचं, वाचलेले पैसे टॅक्सीतच गेले असते. ते नाकारलं.

आता पासपोर्ट द्या म्हटलं तर नातवाचा फेब्रुवारीत संपत होता. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांचे दहाचे असल्यामुळे घरात कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि सहा महिने शिल्लक नसले तर एअरलाइन इथेच अडवते. तिथेच बसून तत्काळचा फॉर्म भरला, चौथ्या दिवशीची अपॉइंटमेंट मिळाली, नशीब.

सगळं होऊन काका ॲडव्हान्स ट्रान्सफर करत म्हणाले, व्हिसाचे नऊ जणांचे १८,००० बाथ वाचले त्यात काय काय बसेल? मी त्यांना दुपारचं भाडं आणि आत्ताचं भाडं शेजारीशेजारी दाखवलं. सरकारने सोडलेले एअरलाइनने संध्याकाळपर्यंत घेतले होते. "ठीक आहे, आवडलं तर मेमध्ये परत लांटाच करू," काका म्हणाले. मी म्हटलं मेमध्ये लांटा नको, तिकडे पाऊस सुरू होतो, तेव्हा सामुई करा. मी दिवसभर त्यांची फिरकी घेत होते की काय अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ते गेले आणि बाहेर ताटकळलेली डोंबिवलीची चार पोरं आत आली. त्यांना कोह फांगान, फुल मून पार्टी. पाऊस पडेल सांगितलं तर म्हणाले पडू दे. अशा क्लायंटला काय समजावणार, मी आरटीओतून इंटरनॅशनल लायसन्स काढायला सांगितलं. त्या बेटांवर चढ-उतार भयंकर, सगळे स्कूटर घेतात आणि सगळे पडतात, आणि लायसन्स नसलं की इन्शुरन्सवाला हात वर करतो. तेवढं त्यांनी ऐकलं. प्रश्न वेगळाच निघाला, त्यांना पार्टी शनिवारी २५ ला हवी होती. मी म्हटलं बाबांनो, पौर्णिमा सोमवारी २७ ला आहे, आपली कार्तिकी पौर्णिमा, चंद्र काही वीकेंड बघून उगवत नाही. चौघेही आपापल्या कंपनीची हॉलिडे लिस्ट उघडून बसले. एकाच्या लिस्टमध्ये २७ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी सापडली, बाकीच्या तिघांना नव्हती. सव्वानऊला सरांनी लाइट घालवायला सुरुवात केली तरी ते तिघं दारात उभे राहून मॅनेजरला काय कारण सांगायचं यावर भांडत होते.