नावं पडतात तेव्हा

रविवारी जेवण झालं की दिवाणावर आडवं व्हायचं, एखादा जुना कृष्णधवल सिनेमा लावायचा आणि अर्ध्या तासात घोरायला लागायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. पण झोप लागते ती नंतर. सुरुवातीची नावं मी टक्क जागा राहून वाचतो. परवा पुतणी शेजारी येऊन बसली, रिमोट उचलला आणि नावं उडवून थेट पहिल्या प्रसंगावर गेली. "काका, नावं काय बघायची?" मी परत पहिल्यापासून लावला. ती उठून गेली.

हे खूळ वडिलांकडून आलेलं. नावं चुकली म्हणजे निम्मा सिनेमा चुकला, असं त्यांचं मत. टॉकीजला निघताना कुलूप नीट लागलंय का बघायला आई हमखास परत फिरायची आणि वडील अंगणात चरफडत उभे. पडद्यावर नटनट्यांची नावं येऊन जायची, त्यांचं त्यांना काही नाही. 'पटकथा-संवाद' आलं की मात्र मोठ्याने पुटपुटायचे. पुढच्या रांगेतले वळून बघायचे, आई कोपराने ढोसायची.

कारण ते स्वतः बिननावाचे लेखक होते. मंगलाष्टकांचे. नात्यात लग्न निघालं की दोन्हीकडच्या आजी-आजोबांची, काका-मामांची यादी आमच्या घरी यायची आणि वडील ती सगळी मंडळी शार्दूलविक्रीडितात बसवायचे. एका नवरदेवाच्या आत्याचं नाव निघालं यशोदाबाई. वडिलांनी कपाळाला हात लावला. लागोपाठ चार गुरू, त्या वृत्तात जागाच नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बोटांवर गण मोजत होते. शेवटी आत्याबाईंची नुसती 'यशोदा' केली, तेव्हा झोपले. लग्नात कुणीतरी मावशी ते कागद हातात धरून खड्या आवाजात म्हणायची, आणि मांडवभर 'काय सुंदर रचलंय हो मावशींनी!' वडील निमूटपणे जिलबीकडे वळायचे. नाव नाही याचं दुःख त्यांना कधी दिसलं नाही. पण एकदा मावशीने आयत्या वेळी व्याह्यांचं नाव मधेच घुसडलं, चरण लंगडा झाला, तर हा माणूस मठ्ठासुद्धा न पिता घरी आला.

जुन्या हॉलिवूडमधला पटकथालेखक बेन हेक्ट मला आवडतो तो बहुतेक यामुळेच. हा मूळचा शिकागोचा बातमीदार. १९२६ साली त्याला हर्मन मँकिविझ या मित्राची तार आली. पॅरामाउंट स्टुडिओसाठी आठवड्याला तीनशे डॉलरवर येतोस का? तीनशे म्हणजे चणेफुटाणे समज; इथे लाखोंनी लुटण्यासारखं आहे आणि स्पर्धेला फक्त मूर्ख आहेत. कुठे बोलू नकोस. असली तार आल्यावर कोण थांबणार?

त्याच्या 'अंडरवर्ल्ड' सिनेमाच्या कथेत दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्गने स्वतःचं काहीबाही घातलं, तेव्हा हेक्टने भडकून 'माझं नाव काढा' म्हणून कळवलं. नाव काही निघालं नाही. १९२९ साली पहिलीवहिली ऑस्कर वाटली, त्यात मूळ कथेचं बक्षीस याच सिनेमासाठी हेक्टला! पुढे ती बाहुली तो दाराला अडण म्हणून लावायचा असं सांगतात. सांगतात असंच म्हणायचं, कारण हेक्टच्या बहुतेक गोष्टी हेक्टनेच सांगितलेल्या आहेत आणि तिखटमीठ लावण्यात बातमीदाराचा हात कोण धरणार.

स्टुडिओत तेव्हा लेखक म्हणजे पगारी माणूस. वॉर्नर ब्रदर्समध्ये तर कारकुनासारखी वेळेवर हजेरी. एका पटकथेवर चार-चार जण, कधी एकमेकांना पत्ताही नाही, आणि शेवटी नाव कुणाचं टाकायचं ते बराच काळ निर्मात्याच्या हातात. १९३३ साली लेखकांची संघटना उभी राहिली, ती या नावांसाठीही भांडली. हेक्टने तोवर स्वतःपुरता तोडगा काढला होता. नाव ठेवा तुमच्याकडे, पैसे लगेच द्या. 'स्कारफेस' या गुंडपटासाठी निर्माता हॉवर्ड ह्यूजकडे त्याने अट घातली ती रोजच्या रोज हजार डॉलर, संध्याकाळी सहा वाजता. त्याच सुमारास शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन, ज्याला लोक 'स्कारफेस' म्हणायचे, त्याची दोन माणसं रात्री त्याच्या हॉटेलच्या खोलीत आली, हातात पटकथा. हे आमच्या अल कपोनवर आहे का? नाही म्हणाला हा. मग नाव 'स्कारफेस' कशाला? म्हणजे लोकांना वाटेल कपोनवर आहे आणि ते येतील, यालाच आमच्या धंद्यात जाहिरात म्हणतात. माणसांना पटलं. रात्री दारात गुंड उभे असताना इतकं स्वच्छ उत्तर सुचणं, हे खरं संवादलेखन.

आणि १९३९ चा तो 'गॉन विथ द विंड'चा आठवडा. शूटिंग थांबलेलं, दिग्दर्शक बदललेला. निर्माता सेल्झनिक आणि नवा दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंग पहाटे हेक्टच्या दारात हजर. ह्याने ती मूळची जाडजूड कादंबरी वाचलेलीच नाही. आता वाचायला वेळ कुठला? मग त्या दोघांनी त्याला प्रसंग करून दाखवायचे ठरलं. सेल्झनिक नायिका स्कारलेट व्हायचा आणि तिचा दारुडा बापही. फ्लेमिंग नायक रेट बटलर आणि अ‍ॅशली. अ‍ॅशली हा इसम काय आहे ते हेक्टला शेवटपर्यंत कळलं नाही. (मलाही नाही.) जेवल्याने डोकं जड होतं असा सेल्झनिकचा सिद्धांत, म्हणून केळी आणि खारे शेंगदाणे एवढ्यावरच अठरा-अठरा तास काम. चौथ्या दिवशी फ्लेमिंगच्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली. पाचव्या दिवशी सेल्झनिक केळं खाता खाता कोसळला. हेक्टने शहाणपणा केला तो एवढाच, की आधीचा लेखक सिडनी हॉवर्ड याचा जुना बाजूला पडलेला खर्डा मागवून घेतला आणि त्यावरच काम उभं केलं. पडद्यावर पटकथेला एकट्या हॉवर्डचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण हॉवर्ड ऑगस्टमध्येच आपल्या शेतावर ट्रॅक्टरने चिरडून गेला होता. सिनेमा आला डिसेंबरात. ऑस्कर मिळालं ते तो गेल्यावर.

नावाची एवढी फिकीर नसलेल्या हेक्टला पुढे नावानेच गाठलं. पॅलेस्टाइनमधल्या ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या ज्यू बंडखोरांच्या बाजूने त्याने १९४७ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. ब्रिटिश सैनिक मारले जात असताना त्यांना मारणाऱ्यांचं कौतुक! त्या मजकुराचं समर्थन मला करवत नाही. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या थिएटरमालकांनी ज्यावर हेक्टचं नाव असेल तो सिनेमा लावायचा नाही असं ठरवलं. झालं, स्टुडिओंनी तिकडच्या प्रिंटांवरून नाव उडवलं. 'व्हर्लपूल'च्या ब्रिटिश प्रिंटवर 'लेस्टर बार्स्टो' म्हणून कुणीतरी लेखक आहे, तो हाच. पूर्वी तो नाव काढा म्हणून ओरडत होता तेव्हा कुणी काढलं नाही. आणि आता नाव गेलं तर त्याच्याबरोबर भावही पडला. बिननावाने लिहायचे जास्त पैसे घेणाऱ्या माणसाला बिननावाने लिहायचे कमी पैसे मिळायला लागले.

तरी मला हेवा वाटतो तो त्या संध्याकाळी सहाचाच. मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता, त्याचं मानधन पुढची दिवाळी तोंडावर आल्यावर आलं. धनादेशावर आडनाव चुकलेलं. बँकेने परत केला. अंकातही तेच आडनाव छापलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडून हिशेब चोख होता असंच म्हणायला हवं.