तीन पंज्या आणि न आलेली चौथी

“जाऊ मला फसवतेय का, एवढंच सांगा.” बाई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. दोघी जावा मिळून डब्यांचा व्यवसाय चालवायच्या आणि आता धाकटी वेगळं व्हायचं म्हणत होती. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

मी टॅरोची पानं वाचते, पण समोर नसलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा निवाडा मी पानांवरून करत नाही. तसं स्पष्ट सांगून प्रश्न फिरवून घेतला: भागीदारीत आत्ता काय चाललंय, आणि माझ्या हातात काय आहे? त्यांनी गड्डी पिसली, मी चार पानं मांडली. वाँड्सची (काठ्यांची) पंजी, कप्सची (पेल्यांची) पंजी, पेंटॅकल्सची (नाण्यांची) पंजी आणि शेवटी पेंटॅकल्सची छक्की.

“एकही मोठं पान नाही आलं?” त्यांचा चेहरा उतरला.

हे मी नेहमी पाहते. ७८ पानांपैकी मेजर अर्कानाची, म्हणजे मोठी, २२ सगळ्यांना माहीत असतात. सूर्य आला की आनंद, मृत्यू आला की धसका. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची ४० आकडी पानं मात्र किरकोळ वाटतात. मला तीच जास्त जवळची. घरातली भांडणं, पैसे, रुसवे तिथेच बोलतात.

जुन्या मार्सेय पद्धतीच्या गड्डीत कप्सच्या पंजीवर नुसते पाच पेले असतात, प्रसंग नाही. १९०९ साली लंडनहून निघालेल्या रायडर-वेट गड्डीसाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी प्रत्येक आकडी पानावर माणसं आणि प्रसंग रंगवले. ती चित्रं इतकी बोलकी आहेत की वाचणारा तिथेच अडकतो. म्हणून मी आधी आकडा बघते. चव्वीत बसलेली घडी पंजीत विस्कटते, छक्कीत पुन्हा तोल सापडू लागतो. पानाचा सूट, म्हणजे काठ्या, पेले, नाणी की तलवारी, सांगतो की विस्कटलंय नेमकं काय.

इथे तिन्हीकडे पाच. वाँड्समध्ये पाच पोरं काठ्या घेऊन भिडलीत, पण मार कुणालाच बसलेला नाही: स्वयंपाकघरातली रोजची धुसफूस. कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभा, मागे दोन शाबूत आहेत. पेंटॅकल्समध्ये बर्फातून चाललेले दोन गरीब जीव, शेजारीच उजळलेली खिडकी.

आणि चौथी पंजी, स्वोर्ड्सची, आलीच नव्हती. त्या पानावर एक जण कुत्सित हसत तलवारी गोळा करतोय आणि हरलेले दोघे पाठ फिरवून चाललेत. दुसऱ्याला चीत करून जिंकण्याचं पान ते. बाईंना भीती होती ती नेमकी त्याच पानाची. मी त्यांना गड्डीतून ते काढून दाखवलं. “हे आलं नाही म्हणजे फसवणूक नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण भांडण, दुःख आणि पैशाची चणचण या तिन्ही गोष्टी तुम्ही ‘फसवणूक’ या एकाच नावाखाली तर घालत नाही ना?”

त्या बराच वेळ छक्कीकडे बघत राहिल्या. त्यातला सावकार एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी देतो. समोर दोघे गुडघ्यांवर. मी विचारलं, “तुमच्याकडे तराजू कुणाच्या हातात असतो? हिशोबाची वही?”

“तिच्याकडे. मी कधी मागितलीच नाही.”

“मग आधी वही मागा. दोघी शेजारी बसून बघा.”

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. वहीत खोट नव्हती. गॅस आणि किराण्याची वाढलेली बिलं जाऊ कित्येक दिवस स्वतःच्या वाट्यातून भरत होती. थोरल्या जावेपुढे बोलायचं कसं, म्हणून गप्प होती. तरीही दोघी वेगळ्या झाल्याच. डबे यांच्याकडे राहिले, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी तिच्याकडे गेल्या, आणि मोठी पातेली कुणी ठेवायची यावरून अजून बोलणी चालू होती.