आयसीयूतलं जेवण: बाहेर बसलेल्यांसाठी

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचा सगळ्यात जास्त भरवसा सलाइनवर असतो. 'बाबाले सलाइन सुरू हाय ना जी, मंग ताकद येईनच,' असं भंडारा-गोंदियाकडून आलेले लेक-सुना मला सांगतात. मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि माझा बहुतेक दिवस आयसीयूतच जातो. म्हणून हिशोबच मांडते. साध्या सलाइनमध्ये मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १७० कॅलरी. ६० किलोच्या माणसाला आजारातून सावरताना रोज साधारण १५०० कॅलरी लागतात. प्रथिनं तर दोन्हींतही नसतात.

सिरिंज पंपात दुधासारखं पांढरं काही दिसलं की 'हे दूध आहे का?' असंही विचारतात. ते झोपेचं औषध असतं, प्रोपोफॉल. मात्र ते तेलात कालवलेलं असल्यामुळे त्याच्या प्रत्येक मिलीलिटरमध्ये १.१ कॅलरी असते. ताशी १० मिली चालू असेल तर दिवसाला २६४ कॅलरी होतात, आणि मी त्या फीडमधून, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ आहारातून, वजा करते.

खरं जेवण जातं ते नाकातून पोटात सोडलेल्या राइल्स ट्यूबमधून. रुग्ण दाखल झाल्यावर २४ ते ४८ तासांच्या आत या ट्यूबमधलं (आरटी) फीड सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. बीपी वाढवणाऱ्या औषधाचा डोस चढताच असेल तर मात्र थांबतो. तेव्हा आतड्यालाच रक्त कमी मिळत असतं, त्याच्यावर पचनाचं काम टाकलं तर इजा होऊ शकते. मे महिन्यात आपल्याकडे उष्माघाताचे रुग्ण येतात, त्यांच्याबाबत मी जास्तच जपून असते, कारण उष्णतेने आतड्याच्या अस्तरालाही मार बसलेला असतो.

सुरुवात हळू होते, आणि नातेवाइकांना सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. 'एवढंसंच काऊन देऊन राहिले मॅडम?' त्यांचा जीव तुटत असतो, मला ते समजतं. पण पहिल्या काही दिवसांत आजारी शरीर स्वतःच यकृतात साखर तयार करत असतं आणि त्यासाठी स्नायू मोडत असतं. बाहेरून भरपूर ओतलं तरी ते थांबत नाही. उलट रक्तातली साखर चढते, मग इन्सुलिन वाढवावं लागतं. फ्रान्समधल्या ६१ आयसीयूंमध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे व्हेंटिलेटरवर आणि बीपीच्या औषधांवर होते. पहिल्या आठवड्यात एका गटाला रोज वजनाच्या किलोमागे फक्त ६ कॅलरी दिल्या, दुसऱ्याला २५. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण कमी दिलेल्यांना उलट्या, जुलाब कमी झाले आणि ते आयसीयूतून बाहेर पडण्याच्या स्थितीत लवकर आले. मी ६ वर थांबत नाही, पण पहिल्याच दिवशी १५०० पूर्ण करण्याचा आग्रह मी अजिबात धरत नाही.

आठ-दहा दिवस नीट न जेवलेला, दारू पिणारा रुग्ण आला तर आणखी सावध राहावं लागतं. अचानक कॅलरी मिळाल्या की पेशी रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून घेतात. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू थकतात. त्यामुळे आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व), रोज फॉस्फरसची तपासणी, आणि ते घसरलं तर दोन दिवस फीड कमी. आमच्याकडे फॉस्फरस सांगितल्याशिवाय तपासलं जात नाही, म्हणून मी राउंडला रोज त्याची आठवण करून देते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसले ती. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर रुग्ण उपाशी राहतो तो कमी ऑर्डरमुळे नव्हे, थांबलेल्या फीडमुळे. ट्रॅकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासनळीत नळी घालणं) सकाळी ठरलेली असते, म्हणून रात्री बारापासून एनबीएम, म्हणजे पूर्ण उपाशी. ओटीची यादी लांबते आणि नंबर दुपारी चारला लागतो. सोळा तास गेले. कागदावर १५०० मिली, पोटात गेलं ५००. दुसऱ्या दिवशी सीटी, तिसऱ्या दिवशी नळी गोळीच्या चुऱ्याने बंद. ज्याच्या श्वासनळीत भोवती फुगा (इंग्रजीत 'कफ') फुगवलेली नळी आधीच आहे, त्याला साध्या सीटीसाठी सहा तास उपाशी ठेवायला बहुतेक वेळा कारण नसतं. आडवं झोपवायचं तेवढा वेळ फीड बंद ठेवावं, परत आल्यावर डोकं ३० ते ४५ अंशांवर घेऊन लगेच चालू करावं. म्हणून मी ताशी वेगापेक्षा चोवीस तासांचा आकडा लिहिते आणि बुडालेलं फीड उरलेल्या तासांत, पोटाला झेपेल तसं भरून काढायला सिस्टरना सांगते. सिस्टरांनी हे मनावर घेतलं की आकडा हलतो. या कामातलं निम्मं श्रेय त्यांचं आहे.

का एवढी धडपड? लंडनमधल्या आयसीयूतल्या ६३ रुग्णांच्या मांडीचे स्नायू सोनोग्राफीने मोजले होते, तो अभ्यास २०१३ चा. दहा दिवसांत स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलं. नुसत्या प्रथिनांनी हे भरून येत नाही. फार जास्त प्रथिनं मूत्रपिंड बिघडलेल्यांना बाधू शकतात हेही आता दिसलंय. मी हळूहळू किलोमागे १.२ ते १.३ ग्रॅमपर्यंत नेते. ६० किलोला ७२ ते ७८ ग्रॅम, साधारण बारा-तेरा अंड्यांइतकं.

घरून आणलेला संत्र्याचा रस, डाळीचं पाणी, डब्यातलं दूध नळीतून देऊ नका, सिस्टरांना गळही घालू नका. चोथ्याने नळी बंद होते, रसातल्या पोटॅशियमचा हिशोब राहत नाही, आणि आपल्या उन्हात प्रवास करून आलेल्या दुधात काय वाढलं असेल सांगता येत नाही. पावडरचं फीडसुद्धा कालवल्यावर आम्ही चार तासांपेक्षा जास्त टांगत नाही.

तुमच्याकडून मला वेगळीच मदत हवी असते. रुग्णाचं आजारपणाआधीचं वजन किती होतं? बेशुद्ध माणसाला काट्यावर उभं करता येत नाही. गेल्या महिन्यात कपडे ढिले झाले का? शेवटचं पोटभर जेवण कधी झालं? दारूचं खरं उत्तर द्या, माझ्यापाशी कोणी लाज वाटून घेऊ नये.

आणि श्वासाची नळी निघून रुग्ण वॉर्डात गेला की लक्ष काढून घेऊ नका. गिळणं तपासून झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालू नका, पातळ पदार्थ श्वासनळीत सहज उतरतो. तपासणी झाल्यावर दोन घास खाल्ले म्हणून सगळे आनंदतात, पण राइल्स ट्यूबमधून जायचं त्याच्या निम्मंही बहुतेकांच्या पोटात तेव्हा जात नाही. किती खाल्लं ते वहीत लिहा आणि वॉर्डातल्या आहारतज्ज्ञाला दाखवा. राइल्स ट्यूब इतक्यात काढायची का, हेही नक्की विचारा.