आमच्या कॉलनीचं खळं आणि 26 जानेवारीची पूजा

कोकणात गणपती घरोघरी, त्यामुळे चाकरमानी असो की इथला, जो तो आपापल्या गावी पळतो आणि तेव्हा रत्नागिरीतली आमची कॉलनी अर्धी रिकामी व्हायची. सगळे एकत्र सापडायचे ते 26 जानेवारीला, मंडळाच्या सत्यनारायणाला.

पूजा व्हायची मधल्या मोकळ्या जागेत. गावाला प्रत्येकाच्या दारात स्वतःचं खळं म्हणजे अंगण, इथे सगळ्यांत मिळून तेवढं एकच. पावसात तिथे गुडघाभर गवत आणि कडेच्या चिऱ्यांवर शेवाळ, पण जानेवारी आला की आठवडाभर आधी सगळे उतरायचे, गवत बेणायचं, लाल माती आणून पसरायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने चोपून चोपून जमीन अशी घट्ट करायची की काय सांगू, मग बायका शेणाने सारवायच्या आणि बँकेतले साहेब आणि एसटीतले काका एकत्र पोफळीचे खांब रोवायचे, वर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं.

खरी मजा त्याआधीच्या मिटिंगची. वर्षभराच्या कुरबुरी तिथे निघायच्या, म्हणजे मे महिन्यात आमसुलं आणि आंब्याची साठं वाळत घातली की पोरांचा बॉल त्यात जायचा, कोणी मच्छी सुकवली की शेजारची काकू चिडायची. मग ठरायचं, वाळवण सकाळपासून चारपर्यंत, क्रिकेट त्यानंतर, ते पण अंडरआर्म. कागदावर काही नाही पण सगळे पाळायचे, कारण उद्या त्याच लोकांबरोबर माती चोपायची असायची!

सकाळी झेंडावंदन, मग पूजा, दुपारी काळ्या वाटाण्याची आमटी-भात, संध्याकाळी हळदीकुंकू आणि रात्री जाखडी, आमचा कोकणातला नाच. जाखडीला जागा लागते हो, शाहीर आणि ढोलकीवाला मध्ये बसणार, त्यांच्याभोवती एका पायात चाळ बांधून पोरं गोल फिरणार, शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे गाण्यातून सवाल-जवाब पार उशिरापर्यंत. तो गोल नीट बसावा म्हणून आम्ही ढोलकी वाजायच्या आधीच सतरंज्या मागे ओढून बसायचो.

आता नियमाने 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटला 10 टक्के जागा मोकळी सोडावीच लागते, चांगलंच आहे. पण आमची जागा टिकली ती या पूजेमुळे असं मला मनापासून वाटतं. हल्ली तिथे कडेकडेने गाड्या लागतात, पेव्हर ब्लॉक टाकायचं पण घाटतंय. माझा त्याला साफ विरोध आहे, पेव्हरवर अनवाणी जाखडी नाचून बघा एकदा म्हणजे कळेल.

यंदाच्या मिटिंगला मी रत्नागिरीला जाणार आहे, गाड्या 25 च्या रात्री बाहेर रस्त्यावर लावायच्या हा विषय पहिला घ्या असं सेक्रेटरींना कळवलंय, आणि चोपणी अजून चार घरांत आहेत, ती मी विचारून ठेवलीत.